एस्टीम २००३ : थंडीत दुसरा गिअर अडतो, गिअर ऑइल कोणतं घालावं?

कंपूकरीण, ग्वाल्हेर

नमस्कार. गाडी मारुती एस्टीम, २००३ची, पेट्रोल, पाच गिअर. सासऱ्यांनी हौसेने घेतली होती, आता मी चालवते. लाखाच्या वर किलोमीटर झालेत. इंजिन उत्तम, खालून गंज नाही, आरटीओत पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरण करून आणलेलं आहे. तेव्हा "विकून टाका" हा सल्ला कृपया कोणी देऊ नये, तो घरात रोज मिळतो. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा भरलाय आणि मेळ्यात नव्या गाडीच्या रोड टॅक्सवर ५० टक्के सूट मिळते, हे मलाही ठाऊक आहे. पेपर आमच्याकडेही येतो.

दुखणं असं आहे. थंडी पडली की सकाळी शाळेसाठी गाडी काढताना पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा अडतो. भिंत लागल्यासारखा नाही, पण आत घ्यायला कां-कूं करतो. जोर केला की खर्रर्र. बाकीचे गिअरही तेव्हा जडच असतात, पण आवाज दुसऱ्याचाच. कंपूतल्या घरून निघून बाडा ओलांडेपर्यंत हे नाटक चालतं. फूलबागेच्या पुढे गेलं की गाडी अशी वागते जणू काही झालंच नव्हतं. दुपारी परतताना तक्रार नाही. मे महिन्यात, पंचेचाळीसच्या उन्हात, अजिबात नाही. सध्या सकाळी पारा चार-पाचवर असतो आणि धुकं इतकं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही.

आमच्या मिस्त्रींना दाखवली. ते माझ्याशी बोलत नाहीत. बरोबर शेजारचा बारावीतला मुलगा होता, सगळं त्याला सांगितलं: "बेटा, मैडम को बोलो गियर का तेल उमर भर चलता है." मी विचारलं, कोणाची उमर, तेलाची की गाडीची? तेव्हा मान माझ्याकडे वळली. म्हणाले, बदलायचंच असेल तर नव्वद नंबर टाकू, चांगलं जाडं, आवाज दबून जाईल.

आवाज दबणं आणि दुखणं बरं होणं यात फरक आहे एवढं मला कळतं. मी रसायनशास्त्र शिकवते, मेकॅनिक नाही. म्हणून मॅन्युअल काढून वाचलं. त्यात एपीआय जीएल-४ (तेलातल्या औषधांची प्रत) आणि ७५डब्ल्यू-९० (जाडी) असं आहे. शिंद्यांच्या छावणीत दोन-चार दुकानं हिंडले. एकाकडे सुटं नव्वद, पिंपातून मापाने काढून देतो. दुसऱ्याने ८०डब्ल्यू-९० जीएल-५ पुढे केलं आणि वर ज्ञान दिलं, "मैडम, पाँच नंबर चार से बढ़िया ही होता है." पटलं नाही, पण बाटली घेऊन आले. का, ते पुढे सांगेन.

तर विचारायचं आहे ते असं. हे दुखणं तेलाचं आहे की आत काही झिजलंय, हे गिअरबॉक्स न उघडता कसं ओळखायचं? आणि जीएल-४, जीएल-५ची ही भानगड नेमकी काय?


मुरारकर

विकायला सांगत नाही, भ्यालो. पण तेल कोणतं यावर वाद घालण्याआधी आत तेल आहे का ते बघितलंत का? वीस वर्षांच्या गाडीला ॲक्सलच्या तोंडाशी सील पाझरतात. थेंब थेंब जातं, खाली डाग पडतो, आपण म्हणतो इंजिनाचं असेल. डाव्या-उजव्या दोन्ही ॲक्सलच्या मुळाशी हात फिरवून बघा, चिकट ओलं लागतंय का. आणि बोटाचा वास घ्या. गिअर ऑइलचा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही.


टर्बोतात्या, इंदूर

मॅडम, सोपं आहे. फुल सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० घ्या, जीएल-५ असलं तरी बिनधास्त टाका. जीएल-५ गिअरबॉक्समधलं पितळ खातं ही जुन्या लोकांची भीती आहे. आताच्या जीएल-५ तेलांना तांब्याच्या पट्टीची गंजचाचणी द्यावी लागते, १२१ अंश तापमानात. पूर्वीसारखा तिखट गंधक आता राहिला नाही. माझ्या गाडीत तेच आहे आणि गिअर असे पडतात की सिग्नलला शेजारचा बघत राहतो. मिस्त्री लोक नव्वद नंबरच्या पुढे शिकलेले नाहीत.


डेपोकाका, ग्वाल्हेर

ताई, मी रोडवेजच्या वर्कशॉपात फिटर होतो, निगम बंद पडेपर्यंत. आता गुडघे गेलेत, गाडीखाली शिरता येत नाही, म्हणून इथे बोलतो. तात्या, राग मानू नका, मिस्त्री लोकांत मीही आलो.

ताई, तेलावर पैसे घालण्याआधी क्लच बघा. सकाळी गाडी थंड असतानाच. गाडी सुरू करा, जागेवर उभी, क्लच तळापर्यंत दाबा, चार-पाच सेकंद तसाच धरा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे वेग जुळवणारी पितळी रिंग, नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. गरारी (दातेरी चाक) आत फिरत असेल तर खरखर येणारच, म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. एस्टीमला क्लचची केबल आहे, ती ताणते. पेडलला जास्त खेळ झाला असेल तर केबलच्या टोकाचा नट फिरवून तो कमी करायचा, काम संपलं. मी असे गियरबॉक्स उतरवलेले पाहिलेत ज्यांना फक्त तो नट हवा होता.

रिव्हर्स गुपचूप पडला तर क्लच बरा आहे, पुढे जाऊ. सगळेच गियर सकाळी जड आणि गाडी तापली की मोकळे, तर ते तेल. तुमचं वर्णन तेच सांगतं. पण दुसऱ्याची खरखर वेगळी काढून बघायला हवी. गाडी चांगली तापल्यावर, रस्ता मोकळा बघून, तिसऱ्यातून दुसऱ्यात जरा घाईने टाका. तेव्हाही खर्र आलं तर पितळी रिंग झिजायला लागली आहे. आणि दांडा सगळीकडेच ढिला असेल, गियर चाचपडत शोधावा लागत असेल, तर ते बाहेरच्या लिंकेजचे, म्हणजे दांडा ते गियरबॉक्स या जोडणीचे, बुश. त्याचा तेलाशी संबंध नाही.

दुसरा गियरच का, हे विचारलं नाहीत तरी सांगतो. पहिल्या-दुसऱ्यात वेगाची उडी सगळ्यात मोठी, आणि आपल्या लष्कर भागाच्या गर्दीत दिवसभर तोच लागतो. सिंक्रोची रिंग म्हणजे पितळेची कडी, आतून निमुळती, आत बारीक आटे कोरलेले. तुम्ही दांडा ढकलला की ती गरारीच्या लोखंडी कोनावर घासते आणि दोघांचा वेग जुळवते. जुळला की स्लीव्ह सरकते आणि गियर पडतो. घासायचं तर आधी मधला तेलाचा थर कापायला हवा, त्यासाठी ते आटे. तेल थंडीत घट्ट झालं की आट्यांना थर कापता येत नाही, रिंग नुसती तरंगते. जाडं तेल घालून मिस्त्री आवाज दाबतात, आणि सकाळी गिऱ्हाईक दांड्याशी कुस्ती खेळतं.

आता तात्यांचं जीएल-५. ते तेल वाईट नाही, ते मागच्या ॲक्सलचं आहे. ट्रक, जीप, अँबॅसेडर यांच्या मागच्या डिफरन्शियलात हायपॉइड गरारी असते, तिथे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घसरतातही. त्या घसरण्यात लोखंडाला लोखंड चिकटू नये म्हणून जीएल-५ मध्ये दाबाची औषधं भरपूर, जीएल-४च्या साधारण दुप्पट. एस्टीम पुढच्या चाकांवर ओढते. तिचा डिफरन्शियल गियरबॉक्सच्याच पोटात आणि त्याच तेलात, पण तिथले दात साधे तिरपे, हायपॉइड नाहीत. एवढ्या औषधाची तिला गरज नाही. आणि रिंगेला घासायचं असतं. तिच्या तोंडावर इतकं निसरडं तेल आलं की ती वेग जुळवायला वेळ लावते. तेवढ्यात तुमचा हात पुढे गेलेला असतो, म्हणजे पुन्हा खर्र.

तात्यांच्या गाडीत चालतं, कारण इंदुरात सकाळी चार अंशावर दुसरा टाकायची वेळ क्वचित येते. आणि सिग्नलला शेजारचा गियरकडे बघत असेल असं मला वाटत नाही.


टर्बोतात्या, इंदूर

काका, मान्य. पण गंजाचा मुद्दा तुम्ही टाळलात.


कंपूकरीण, ग्वाल्हेर

तो मी घेते, माझ्या विषयात येतो. या तेलांत गंधक आणि फॉस्फरसची संयुगं असतात. दात एकमेकांवर दाबले गेले की त्या ठिकाणी क्षणभर प्रचंड उष्णता होते आणि गंधक लोखंडाशी संयोग करून पृष्ठभागावर सल्फाइडचा पातळ थर करतो. दातांऐवजी तो थर झिजतो. हे हवंच आहे. अडचण इतकीच की गंधकाला तांबंही तितकंच आवडतं आणि पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तात्या म्हणतात ते खरं आहे, हल्लीच्या तेलात गंधक बांधून ठेवलेला असतो, तो ऊठसूट पितळेवर जात नाही. म्हणजे जीएल-५ घातलं की महिन्याभरात रिंग खलास, असं मी वर्गात सांगणार नाही. पण काकांचा निसरडेपणाचा मुद्दा त्याने सुटत नाही. चाचणीत तांब्याची पट्टी गंजते का हे बघतात, रिंग घासते का हे नाही.

रिव्हर्सची परीक्षा केली. गुपचूप पडला. ॲक्सलच्या मुळाशी हात फिरवला, उजवीकडे कोरडं, डावीकडे किंचित दमट, थेंब नाही. मुरारकर, वास घेतला. धन्यवाद म्हणू की नको ते ठरवते आहे.

आता बाटली का आणली ते. मारुतीच्या सुट्या भागांच्या काउंटरवर ७५डब्ल्यू-९० जीएल-४ मिळालं. पिंपातलं सुटं नव्वद थोडंसं आणलं. आणि ते ८०डब्ल्यू-९० जीएल-५ होतंच. तिन्ही तेलं तीन परीक्षानळ्यांत सारख्या उंचीपर्यंत भरली आणि रात्रभर गच्चीवर ठेवली. सकाळी धुक्यातच वर गेले आणि प्रत्येकीत सायकलच्या बेअरिंगचा एक-एक छर्रा सोडला. द्रवात गोळी किती वेगाने बुडते त्याचा स्टोक्सचा नियम अकरावीला दरवर्षी फळ्यावरच राहतो, यंदा नळीत दिसला. ७५डब्ल्यू-९० मध्ये छर्रा संथ पण न थांबता खाली गेला. जीएल-५ मध्ये त्याच्या बराच मागे. आणि सुट्या नव्वदमध्ये तो सगळ्यात मागे, मध्येच लटकल्यासारखा वाटत होता. दुपारी त्याच नळ्या उन्हात ठेवून पुन्हा छर्रे सोडले तर तिघांतलं अंतर खूपच कमी झालं होतं.

यजमान म्हणाले, एवढ्यात नवी गाडी बघून झाली असती.


मकरपुऱ्याचा लेथवाला, वडोदरा

ताई, प्रयोग भारी. त्या दुपारच्या नळ्यांचं कारण आकड्यांत आहे, कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नव्वद हा आकडा १०० अंशांवर मोजतात. त्या तापमानाला तेलाची श्यानता (घट्टपणा) १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकच्या मध्ये असली की ते नव्वद. सुटं नव्वद, ८०डब्ल्यू-९० आणि ७५डब्ल्यू-९० ही तिन्ही तापल्यावर एकाच पंगतीत बसतात. फरक डब्ल्यूच्या आकड्यात आहे, तो थंडीतली वागणूक सांगतो. सुट्या नव्वदला तो आकडाच नाही, म्हणजे थंडीबद्दल त्याने कसलीच हमी दिलेली नाही.

आणखी एक. गिअर ऑइलचे आकडे आणि इंजिन ऑइलचे आकडे वेगळ्या मापाचे असतात. नव्वद ऐकून ते चाळीसच्या इंजिन ऑइलच्या दुप्पट जाड असेल असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही जवळपास सारखीच. माझ्याकडे जुनी होंडा सिटी आहे, २००१ची. तिच्या गिअरबॉक्सला नव्वद लागतच नाही. होंडाचं स्वतःचं एमटीएफ (मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड) लागतं, आणि ते मिळालं नाही तर तात्पुरतं १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल घाला असं कंपनीच सांगते. आमच्याकडे पाणीगेटला एका गॅरेजवाल्याला हे सांगितलं तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी कढीत डिझेल घालायला सांगतोय. तात्पर्य, सगळ्या गाड्यांना एकच तेल हा हिशेब डोक्यातून काढा. मॅन्युअल म्हणेल ते.


डेपोकाका, ग्वाल्हेर

ताई, शाळेला सांगून मला तुमच्या वर्गात बसवा.

आता बदलायचं कसं ते. घरी करणार असाल तरी जॅकवर पुढून उचलून करू नका. गाडी पुढून वर असली की तेल मागे जातं आणि भरण्याच्या भोकाची पातळी चुकते. चारही चाकं सपाट हवीत. एखाद्या धुलाई सेंटरचा रॅम्प दुपारी रिकामा असतो, तिथे शे-दोनशे देऊन तासभर मागा. थोडी फिरवून गाडी कोमट करून न्या. फार तापवू नका, हात भाजेल.

आणि हे माझं ऐकाच: आधी वरचं, भरायचं बूच उघडा. ते उघडलं, हाताने फिरलं, याची खात्री झाली की मगच खालचं काढा. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थाच्या मेव्हण्याने खालचं आधी काढलं, तेल सगळं परातीत, आणि वरचं बूच जाम. पाना घसरून कडा गोल झाल्या. गाडी कोरड्या गियरबॉक्सने हलवता येईना आणि वेल्डिंगवाला रविवारी येईना. दोन दिवस रॅम्प अडवून बसले होते.

पाना नेमका बसणाराच घ्या, दाते ढिले असलेला नको. बूच हटत नसेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल फवारून ठेवा. खालचं बूच सुटलं की तेलाची धार आधी लांब पडते, मग जवळ येते. परात त्या हिशेबाने सरकवत राहा. पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. घाई केली तर अर्धी घाण आतच राहते.

बुचाच्या टोकाला लोहचुंबक असेल. त्यावर राखाडी लेप असणारच, त्याला घाबरू नका. त्यात नखाएवढे कपचे, दाताचे तुकडे, चमकणारे लोखंडाचे काप दिसले तर फोटो टाका. पण लक्षात ठेवा, पितळ चुंबकाला चिकटत नाही. रिंगेची खबर चुंबक देत नाही, तेल देतं. निथळलेलं तेल काचेच्या भांड्यात घेऊन उन्हात धरा.

वॉशर नवा घाला. बूच आवळताना जोर दाखवू नका, खोकं ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर तेलापेक्षा महाग पडेल.

भरायला वरून, इंजिनाच्या बाजूने, पारदर्शक नळी भोकात सोडा आणि दुसऱ्या टोकाला नरसाळं. गवंडी लेव्हलला वापरतात ती नळी चालते. तेलाच्या बाटल्या आधी गरम पाण्याच्या बादलीत ठेवा, नाही तर या थंडीत संध्याकाळपर्यंत उभ्या राहाल. दोन-अडीच लिटर जाईल, म्हणून तीन जवळ ठेवा. भोकाच्या ओठातून तेल बाहेर झिरपायला लागलं की थांबा. पाच मिनिटं वाट बघा, परत थोडं घाला, परत झिरपलं की बूच लावा. मोजून भरू नका, भोकच माप आहे.

काढलेलं तेल मोरीत किंवा नाल्यात नको. स्वर्णरेखा नदीत आधीच पुरेसं आहे. डब्यात भरून एखाद्या मोठ्या गॅरेजला द्या, जुनं तेल उचलणारे त्यांच्याकडे येतात.


कंपूकरीण, ग्वाल्हेर

झालं. रॅम्प मिळाला, मिस्त्री मात्र वेगळे घेतले, तरुण आहे, नाव विचारलं तर माझ्याकडे बघून सांगितलं. काकांची यादी त्याला वाचून दाखवली. वरचं बूच आधी, हे ऐकून म्हणाला, "ये किसने बताया? सही बताया."

वरचं बूच पहिल्या झटक्यात सुटलं नाही. त्याने पान्यावर नळी चढवली नाही, बुचाच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके दिले आणि मग फिरवलं. आवाज झाला, कट् असा, आणि सैल. मला वाटतं आम्ही दोघांनी एकाच वेळी श्वास सोडला.

तेल काळं, आणि वास असा की रॅम्पवाला तोंड फिरवून उभा राहिला. ओढणीच्या टोकाला एक थेंब लागला, ती ओढणी आता गाडी पुसायला. चुंबकावर काजळासारखा मऊ लेप होता, बोटांत चोळला, कण लागले नाहीत. मग काकांनी सांगितलं तसं बीकरमध्ये घेऊन उन्हात धरलं. तेलाच्या आत सोनेरी धूळ तरंगत होती, हलवली की फिरायची. सुंदर दिसत होतं हो. आपल्याच गाडीची रिंग आहे हे माहीत नसतं तर आणखी आवडलं असतं.

भरायला वेळ लागला. गरम पाण्याची युक्ती नसती तर अंधार झाला असता.

निकाल. दुसऱ्या दिवशी सकाळी, तसंच धुकं, तशीच थंडी. सगळे गिअर हलके पडले, दुसराही. पहिल्या चौकापर्यंत थोडा सावकाश घ्यावा लागतो, पण आवाज नाही. शाळा सुटल्यावर मुद्दाम उरवाई गेटच्या चढाने किल्ल्यावर नेली. तो चढ दुसऱ्यावरच काढावा लागतो. जाताना मस्त. पण वळणावर तिसऱ्यातून दुसऱ्यात पटकन टाकला तर खर्र आलं. गाडी तापलेली असताना. म्हणजे तेल आणि रिंग दोन्ही?


डेपोकाका, ग्वाल्हेर

दोन्ही. सोनेरी धूळ ऐकली तेव्हाच कळलं होतं, पण म्हटलं तुम्हीच बघा. सकाळचं जडपण तेलाचं होतं, ते गेलं. रिंग मात्र झिजलेली आहे आणि कोणतंही तेल पितळ परत आणत नाही. बाजारात बाटल्या मिळतात, गियरचा आवाज बंद म्हणून, त्या घेऊ नका.

घाई नाही. रिंग बदलायची म्हणजे गियरबॉक्स उतरवून पूर्ण खोलावा लागतो. तेव्हा क्लच प्लेट, बेअरिंगं आणि डावीकडचं ते दमट सील सगळं एकदमच करतात, कारण मजुरीचाच खर्च मोठा. तुमची क्लच प्लेट संपायला आली की दोन्ही बरोबर करा. तोपर्यंत तिसऱ्यातून खाली दुसऱ्यात येताना घाईने टाकू नका, वेग उतरू द्या. आणि फार अडलं तर डबल क्लच. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श, परत क्लच, मग दुसरा. आमच्या वेळच्या बसगाड्यांना सिंक्रो नव्हताच, पोरं आठवड्यात शिकायची. तुम्ही तर छर्रे मोजता.

महिन्या-दोन महिन्यांनी वरचं बूच काढून पातळी एकदा बघा, त्या डाव्या सीलमुळे. उतरली असेल तर हेच तेल वरून घाला, दुसरं मिसळू नका.


टर्बोतात्या, इंदूर

काका, डबल क्लचवर एक वेगळा धागा काढा, मी पहिल्या बाकावर.


ओम्नीवाला, ग्वाल्हेर

काका, माझी ओम्नी २००८ची, तिला पण हेच जीएल-४ ना?


डेपोकाका, ग्वाल्हेर

अर्धं. ओम्नी मागच्या चाकांवर चालते. गियरबॉक्सला जीएल-४, पण मागचा ॲक्सल वेगळा, त्यात हायपॉइड गरारी. तिथे जीएल-५ च. दोन्ही ठिकाणी एकाच डब्यातून ओतणारे बघितलेत, त्यांच्याकडून करू नका.


ओम्नीवाला, ग्वाल्हेर

मग कंपूकरीण ताईंकडे ती ८०डब्ल्यू-९० जीएल-५ ची बाटली पडून असेल ना? मापात विकत देता का? दुकानदार तर परत घेणार नाही.


कंपूकरीण, ग्वाल्हेर

एका परीक्षानळीपुरतं वापरलंय, बाकी तशीच आहे. काका, लिटरभर पुरेल?


डेपोकाका, ग्वाल्हेर

पुरणार नाही, थोडं वर लागेल. त्याच नावाची आणि त्याच ग्रेडची आणखी एक आण म्हणावं. आणि तिथेही वरचं बूच आधी.


कंपूकरीण, ग्वाल्हेर

ओम्नीवाले, रविवारी सकाळी दहानंतर या. येताना रिकामा डबा आणा, बाटली मला प्रयोगशाळेला हवी आहे.